संगणकाची स्मृती : वेग आणि विजेचा हिशेब



संगणकाची स्तुती करावयाची झाली म्हणजे आपण त्याच्या गणनशक्तीची स्तुती करतो. एका सेकंदात अब्जावधी बेरजा करणारे यंत्र, हे वर्णन आता शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहे, आणि ते खोटेही नाही. परंतु त्या बेरजांना लागणारे आकडे कोठून येतात, ते येण्यास किती वेळ आणि किती वीज लागते, हे विचारले म्हणजे चित्र पालटते. बेरीज करणारा कारकून विलक्षण चपळ आहे. पण त्याला हवा असलेला कागद दप्तरखान्यातून येईपर्यंत त्याला हातावर हात ठेवून बसावे लागते. मोठ्या कामांत संगणकाचा पुष्कळसा वेळ असा वाट पाहण्यात जातो. आणि कागद आणण्याचा खर्च बेरजेच्या खर्चाच्या कित्येक पट असतो.

कित्येक म्हणजे किती? स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली हा हिशेब मांडून दाखविला. ४५ नॅनोमीटर पद्धतीने बनविलेल्या चिपवर ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज करण्यास सुमारे ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते. पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा लक्ष कोटीवा भाग. आणि बाहेरच्या स्मृतिचिपमधून ६४ बिट आणावयास? १३०० ते २६०० पिकोज्यूल! आणलेल्या मालात दोन संख्या मावतात हे जमेस धरले, तरी दर संख्येमागे आणण्याचा खर्च बेरजेच्या निदान साडेसहा हजार पट पडला. जुन्या हिशेबाने सांगावयाचे तर दोन आण्यांची कोथिंबीर, आणि टांग्याचे भाडे आठशे रुपये. हे भाडे कमी कसे करावे आणि टांगा लवकर कसा यावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसतात; परंतु स्मृतिचिपच्या पोटात शिरले म्हणजे दोहोंचे मूळ बव्हंशी एकच असल्याचे आढळते. म्हणून आधी पोटात शिरू.

संगणकात जी मुख्य स्मृती असते तिला डीरॅम म्हणतात. तिचा एक कण, म्हणजे एक बिट साठविण्याची जागा, दोनच वस्तूंची बनलेली असते : विद्युत्भार साठविणारी एक चिमुकली टाकी आणि तिच्या तोंडाशी ट्रान्झिस्टरची एक झडप. टाकी भरलेली असेल तर एक, रिकामी असेल तर शून्य. ही कल्पना रॉबर्ट डेनार्ड या आयबीएम कंपनीतील संशोधकाची. त्या काळी तेथे एका बिटासाठी सहा ट्रान्झिस्टर खर्ची घालण्याचा विचार चालू होता. १९६६ साली डेनार्ड यांनी चुंबकीय स्मृतीवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांचे व्याख्यान ऐकले. त्यांची रचना इतकी साधी, मग आपली एवढी अवजड का, हा विचार घेऊन ते घरी गेले आणि ही युक्ती त्यांना सुचली. १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. व्याख्याने ऐकून काय होते, असे विचारणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरे! डेनार्ड २०२४ साली निवर्तले. त्यांचा तो एका झडपेचा कण आजही जगातील बहुतेक सर्व संगणकांत आणि आपल्या खिशातील फोनमध्ये आहे.

त्याआधी स्मृती चुंबकाची असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पुरा झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुमारे २७०० निर्वात नळ्यांवर चाले, आणि त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली होती. तीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत; म्हणजे आजच्या मापाने १०,२४० बाइट. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे. त्या कड्यांचा एक गुण असा, की वीज गेली तरी चुंबकत्व टिके. आणि एक अवगुण असा, की कडी वाचली की तिच्यातील मजकूर पुसला जाई. वाचणाऱ्याने तो लगेच पुन्हा लिहून ठेवावा लागे. डेनार्ड यांच्या कणाने तो अवगुण तेवढा घेतला, आणि गुण मात्र सोडला. टाकी वाचताना रिकामी होते, आणि वाचली नाही तरी ती गळत राहते.

आता ही टाकी किती लहान, ते पाहा. तीत साठलेला भार म्हणजे काही दहा हजार इलेक्ट्रॉन. असे अब्जावधी कण एका चिपवर आडव्या ओळींत आणि उभ्या रकान्यांत मांडलेले असतात. एका ओळीतील सर्व झडपांना मिळून एकच आडवी तार. ती तार जागी केली की त्या ओळीच्या सगळ्या झडपा एकदम उघडतात. हवी तीच एक झडप उघडण्याची सोय नाही, कारण प्रत्येक कणाला स्वतंत्र तार द्यावयाची म्हटली तर तारांनाच जागा पुरणार नाही. झडपा उघडल्या की प्रत्येक टाकीतील भार आपापल्या रकान्याच्या उभ्या तारेत उतरतो. ही उभी तार टाकीच्या मानाने फार मोठी. तिच्यावर शेकडो कण टांगलेले असतात. त्यामुळे एका टाकीच्या भाराने तारेवरचा दाब अगदी किंचित वर जातो किंवा खाली येतो. म्हणून आधीपासून ती तार बरोबर अर्ध्या दाबावर आणून ठेवलेली असते, जशी सराफाची तागडी वजन घालण्यापूर्वी समतोल धरतात. मग तारेच्या टोकाशी बसलेला संवेदक-वर्धक पाहतो, की तागडी कोणीकडे कलली. आणि ज्या बाजूला कलली तिकडे तो ती पूर्ण झुकवून टाकतो. यात दोन कामे साधतात. मजकूर वाचता येतो, आणि झडप अजून उघडी असल्यामुळे टाकीही पुन्हा काठोकाठ भरते. वाचताना पुसलेले वाचणाऱ्यानेच पुन्हा लिहिले!

या सर्व खटाटोपाला वेळ लागतो. डीडीआर ४ जातीच्या सामान्य स्मृतीत ओळ उघडावयास सुमारे १४ नॅनोसेकंद लागतात. उघडलेल्या ओळीतून हवा तो रकाना बाहेर पाठवावयास आणखी तितकेच. आणि ती ओळ बंद करून तारा पुन्हा अर्ध्या दाबावर आणावयास आणखी तितकेच. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाशसुद्धा फूटभरच जातो. तेव्हा हे १४ आपणांस नगण्य वाटतील. परंतु आपला चपळ कारकून सेकंदाला तीन अब्ज ठोके घेतो. एक ओळ बंद करा, दुसरी उघडा आणि तीतून कागद काढा, असे झाले म्हणजे ४२ नॅनोसेकंद गेले. तेवढ्यात त्याचे सव्वाशे ठोके निघून जातात. शिवाय येण्याजाण्याचा रस्ता वेगळाच.

पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एखादे पत्र हवे असेल तर तेवढे पत्र ओढून काढता येत नाही. रुमाल आणावा लागतो, गाठ सोडावी लागते, सगळा गठ्ठा टेबलावर पसरावा लागतो, आणि दुसरा रुमाल घेण्यापूर्वी पहिला पुन्हा नीट बांधावा लागतो. स्मृतिचिपमध्ये हेच घडते. ओळ म्हणजे रुमाल. आठ चिप्स मिळून जी ओळ उघडते ती ८१९२ बाइटांची असते. आणि संगणक एका वेळी मागतो ६४ बाइट. एका पत्रासाठी १२८ पत्रांचा रुमाल सुटला. मघाचा टिफ्रॅकचा आकडा आठवा : त्या संपूर्ण संगणकाच्या स्मृतीच्या चारपंचमांश एवढा मजकूर आज एका मागणीसरशी जागा होतो, आणि त्यातले बहुतेक काही न वापरता पुन्हा झोपी जाते. विजेचा अपव्यय कोठे होतो हे यावरून ध्यानात येईल. वेळ जातो तो रुमाल सोडण्या-बांधण्यात, आणि वीज जाते तीही बव्हंशी तेथेच, किंवा मग चिपपासून कारकुनापर्यंतच्या लांब तारांत.

पहिला उपाय कोणताही शहाणा दप्तरदार सुचवील. कारकून आपल्या खणात नेहमीचे कागद ठेवतोच. संगणकाच्या मुख्य चिपवरील या खणाला कॅश म्हणतात, आणि बहुतेक मागण्या तेथेच भागतात. ज्या भागत नाहीत त्या दप्तरखान्याच्या दाराशी रांगेत उभ्या राहतात. आता दारावरच्या माणसाने ज्याचा नंबर आधी त्याला आधी, असा न्याय लावला, तर एकाच रुमालातली पत्रे मागणारे लोक रांगेत विखुरलेले असल्यामुळे तोच रुमाल दहा वेळा सुटेल व बांधला जाईल. त्याऐवजी, जो रुमाल टेबलावर उघडा आहे त्यातले पत्र मागणाऱ्यांना आधी बोलवावे, त्यांचे संपले की मग नंबराप्रमाणे जावे. स्कॉट रिक्स्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या पद्धतीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला तो या शास्त्रात फार मान्यता पावला. चिपमध्ये काडीचाही बदल न करता केवळ रांग शहाणपणाने लावली की वेग वाढतो, आणि ओळी कमी वेळा उघडाव्या लागल्यामुळे वीजही वाचते.

पण न्यायाचा प्रश्न सुटला असे नव्हे. समजा, एका गृहस्थाने एकाच रुमालातली शेकडो पत्रे ओळीने मागितली. नियमाप्रमाणे तो पुढे, आणि बाकीचे ताटकळत! थॉमस मोशिब्रोडा आणि ओनूर मुतलू यांनी २००७ साली दाखवून दिले, की एखादा खादाड कार्यक्रम, मग तो दुष्ट हेतूने लिहिलेला असो वा नसो, याच संगणकावर चाललेल्या दुसऱ्या कार्यक्रमाला अशा रीतीने जवळजवळ उपाशी ठेवू शकतो. तेव्हापासून रांग लावणाऱ्या यंत्रणेत, कोण किती वेळ थांबला याचीही नोंद ठेवण्याच्या अनेक पद्धती सुचविल्या गेल्या. रेशनच्या दुकानापुढे उभे राहिलेल्या माणसाला हे तत्त्व वेगळे शिकवावे लागणार नाही.

आणखी एक गंमतीचा प्रश्न आहे. मागणी संपली, रांगेत कोणी नाही. आता उघडा रुमाल तसाच ठेवावा की बांधून टाकावा? पुढची मागणी त्यातलीच आली तर उघडा ठेवण्यात फायदा. दुसऱ्यातली आली तर बांधण्याचा वेळ फुकट वाट पाहायला लावणार. हा शुद्ध जुगार आहे. म्हणून आजची नियंत्रक यंत्रणा मागचा अनुभव पाहून अंदाज बांधते, आणि ठरावीक काळ कोणी फिरकले नाही तर ओळ बंद करते.

दुसरा उपाय, टेबले वाढविण्याचा. चिपचे स्वतंत्र विभाग पाडतात, त्यांना बँका म्हणतात. प्रत्येक बँकेत आपापली एक ओळ उघडी राहू शकते. एका टेबलावर रुमाल बांधणे चालू असताना दुसऱ्या टेबलावरून पत्र देता येते. १९९० नंतरच्या दशकातील एसडीरॅम जातीच्या चिपमध्ये अशा चार बँका असत; डीडीआर ३ मध्ये आठ, डीडीआर ४ मध्ये सामान्यतः सोळा, आणि २०२० साली ठरलेल्या डीडीआर ५ या प्रमाणात बत्तीसपर्यंत झाल्या. कोणाही एकाची प्रतीक्षा यामुळे कमी होत नाही; अनेकांची प्रतीक्षा एकाच वेळी चालते, एवढेच.

हा भेद महत्त्वाचा आहे, आणि दुकानात स्मृती विकत घेणाऱ्याला तो कोणी सांगत नाही. ‘वेग’ या एका शब्दात दोन गोष्टी लपलेल्या आहेत. मागितल्यापासून पहिला कागद हाती येईपर्यंत किती वेळ गेला, हा प्रतीक्षाकाल. आणि एकदा सुरू झाल्यावर सेकंदाला किती कागद येतात, ही वहनक्षमता. डब्यावर छापलेले मोठमोठे आकडे वहनक्षमतेचे असतात. १०० मेगाहर्ट्झच्या एसडीरॅमपासून डीडीआर ४ च्या ३२०० या प्रकारापर्यंत वहनक्षमता सेकंदाला ०.८ गिगाबाइटवरून २५.६ गिगाबाइटवर गेली, म्हणजे बत्तीसपट झाली. याच अवधीत ओळ उघडण्याचा काळ सुमारे २० नॅनोसेकंदांवरून १४ वर आला. बत्तीसपट कोठे आणि दीडपटसुद्धा नाही ते कोठे! विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ सालीच इशारा दिला होता, की गणनाचा वेग असाच वाढत गेला आणि स्मृती मागे राहिली, तर एक दिवस आपण भिंतीवर आदळू. ‘स्मृतीची भिंत’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला.

वहनक्षमता वाढली ती कशी? पोटातला वेग न वाढविता. उघडलेल्या ओळीतून एका खेपेस आठ घास शेजारीशेजारी काढावयाचे आणि दारातून ते एकामागून एक झपाट्याने बाहेर ढकलावयाचे. डीडीआर ५ मध्ये सोळा. आत बैलगाडी चालते, दाराबाहेर आगगाडी. मग आतलीही गाडी जलद का करीत नाहीत? शास्त्र आडवे येते असे नव्हे. किंमत आडवी येते. उभी तार आखूड केली, तिच्यावर शेकडो कणांऐवजी थोडेच टांगले, तर तागडी लवकर कलेल, वेळही वाचेल आणि वीजही. परंतु मग संवेदक-वर्धक जास्त बसवावे लागतील, त्यांना जागा लागेल, आणि त्याच चकतीत कमी बिट मावतील. अशा महाग व जलद स्मृती काही खास यंत्रांसाठी निघाल्याही आहेत. सर्वसाधारण बाजाराने मात्र वर्षानुवर्षे स्वस्त बिट मागितला, आणि कारखानदारांनी तोच दिला. माझ्या मते यात कारखानदारांचा दोष कमी आणि दर गिगाबाइटचा भाव पाहून खरेदी करणाऱ्या आपल्या सर्वांचा जास्त आहे. २०१३ साली डाँगह्यूक ली व सहकाऱ्यांनी मधला मार्ग सुचविला : लांब तारेत मध्येच एक झडप घालून तिचा जवळचा तुकडा वेगळा काढावा; जवळच्या तुकड्यावरचे कण जलद, पलीकडचे थोडे मंद. जे कागद वारंवार लागतात ते दाराजवळच्या फळीवर ठेवावे, हा विचार वाण्याच्या दुकानात पूर्वीपासून आहे.

विजेच्या बाबतीत मोठी बचत झाली ती दाब उतरविल्यामुळे. तारेत भार भरावयास व ओतावयास लागणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एसडीरॅम ३.३ व्होल्टवर चाले, पुढे २.५, १.८, १.५, १.२ असे करीत डीडीआर ५ मध्ये तो १.१ वर आला. दाब एकतृतीयांश, म्हणजे तेवढीच तार तेवढ्याच वेळा हलवावयास ऊर्जा एकनवमांश. पण तेवढ्याच वेळा हलवली तर! आपण ती कितीतरी अधिक वेळा हलवतो. शिवाय दाब याहून फार उतरविला तर टाकीत भार इतका थोडा राहील, की तागडी कलली की नाही हेच कळेनासे होईल.

आता गळतीकडे वळू. शाळेत पाढे एकदा पाठ करून भागत नाही, उजळणी करावी लागते. न केल्यास विसर पडतो. या स्मृतीचेही तसेच आहे, म्हणून तिच्या या क्रियेला मी उजळणीच म्हणतो. प्रत्येक ओळ ठरावीक काळात एकदा उघडून पुन्हा भरावी लागते; डीडीआर ३ आणि ४ मध्ये हा काळ ६४ मिलिसेकंदांचा आहे. चिप ८५ अंश सेल्सिअसपेक्षा तापली, तर गळती वाढते म्हणून उजळणी दुप्पट वेळा करावी लागते. ६४ मिलिसेकंदांत ८१९२ हप्ते, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक. आठ गिगाबिटांच्या डीडीआर ४ चिपला एका हप्त्यास ०.३५ मायक्रोसेकंद लागतो. एकूण वेळेतला साडेचार टक्के वेळ चिप उजळणीतच असते, कोणाला दाद देत नाही. सोळा गिगाबिटांच्या चिपमध्ये तोच वेळ सात टक्क्यांवर जातो. जितकी स्मृती मोठी, तितकी तिची घोकंपट्टी अधिक.

येथे एक मोठा अन्याय आहे. ६४ मिलिसेकंदांचा नियम सर्वांत गळक्या टाकीकडे पाहून केलेला आहे. बहुसंख्य टाक्या त्याच्या कितीतरी पट वेळ टिकतात. एका मंद मुलासाठी साऱ्या वर्गाला पाढे पुन्हापुन्हा म्हणावयास लावावेत तसे हे झाले. २०१२ साली जेमी लिऊ व सहकाऱ्यांनी दाखविले, की गळक्या ओळींची तेवढी वेगळी यादी ठेवली आणि बाकीच्यांची उजळणी चौपट अंतराने केली, तर सुमारे तीनचतुर्थांश उजळण्या वाचतात. कल्पना उत्तम, अडचण अशी की काही टाक्यांचा स्वभाव चंचल असतो. आज चांगली टिकणारी टाकी उद्या एकाएकी गळू लागते, आणि यादी खोटी पडते. फोनसाठी बनविलेल्या कमी विजेच्या स्मृतीत मात्र दोन सोप्या युक्त्या वापरात आहेत. फोन थंड असेल तर उजळणीचे अंतर वाढवावयाचे. आणि फोन निजलेला असताना स्मृतीचा जो भाग रिकामा आहे त्याची उजळणीच करावयाची नाही. रात्रभर उशाशी पडलेल्या फोनची बॅटरी सकाळी शिल्लक राहते, तिच्यात या युक्त्यांचाही वाटा असतो.

दाटी करण्याचे दुसरे प्रायश्चित्त अधिक गंभीर आहे. कण इतके जवळ आले, की एकच ओळ पुन्हापुन्हा उघडली-मिटली तर तिच्या शेजारच्या ओळींतील भार ढळू लागतो. चाळीत एका खोलीचे दार सारखे आपटत राहावे आणि शेजारच्या भिंतीवरची तसबीर खाली यावी, तसा हा प्रकार. योंगू किम, ओनूर मुतलू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली बाजारातील १२९ स्मृतिपट्ट्या तपासल्या. त्यांतल्या ११० पट्ट्यांत हा दोष निघाला. काहींत १,३९,००० वेळा ओळ उघडली की शेजारचा बिट उलटे, आणि एवढ्या वेळा उघडणे दोन उजळण्यांच्या मधल्या अवधीत सहज बसते. पुढच्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी दाखविले, की याच मार्गाने एखादा साधा कार्यक्रम, ज्याला परवानगी नाही अशा स्मृतीत ढवळाढवळ करून, सगळ्या संगणकाचा ताबा मिळवू शकतो. कुलूप न फोडता शेजारचे दार आपटून तिजोरी उघडली! डीडीआर ४ मध्ये यावर बंदोबस्त केल्याचे सांगण्यात आले होते. २०२० साली ४२ पट्ट्या तपासल्या तेव्हा १३ पट्ट्यांत तो बंदोबस्त चुकविता आला. अखेर एप्रिल २०२४ मध्ये डीडीआर ५ च्या प्रमाणात, प्रत्येक ओळ किती वेळा उघडली याची मोजदाद चिपनेच ठेवावी, अशी तरतूद करण्यात आली. मोजदादीलाही वेळ आणि वीज लागते. तेव्हा जी बचत दाटीने केली तिचा काही भाग आता पहाऱ्यावर खर्च होतो.

कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी येथे एक शब्द बोलून पुढे जातो. नगरपालिकेच्या घरपट्टीचा एक भला मोठा तक्ता घ्या : आडव्या ओळीत एका घराची सर्व माहिती, उभ्या रकान्यात सर्व घरांची थकबाकी. स्मृतीत तो ओळीमागून ओळ असा ठेवलेला असेल, आणि आपण मात्र थकबाकीची बेरीज करावयास उभ्या रकान्याने उतरू लागलो, तर प्रत्येक पाऊल लांब पडते. ६४ बाइटांतले चार-आठ बाइट वापरून बाकीचे फेकावयाचे, आणि पुनःपुन्हा नवी ओळ उघडावयाची. अशी बेरीज वारंवार लागत असेल, तर थकबाकीचा रकाना एकत्र सलग ठेवावा. उत्तर तेच येते. वेळ व वीज यांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर पडते. हा उपाय फुकट आहे, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित राहतो.

शेवटी रस्त्याकडे पाहू. स्मृतीची चिप वेगळ्या पट्टीवर, आणि मुख्य चिप काही बोटे दूर. मधल्या तांब्याच्या वाटेवर प्रत्येक बिट ढकलावा लागतो. यावर तोडगा म्हणून स्मृतीच्या चकत्या एकावर एक रचून त्यांच्यातून आरपार उभ्या तारा काढल्या, आणि ही चळत मुख्य चिपच्या अगदी कुशीत बसविली. ‘एचबीएम’ या नावाने २०१३ साली तिचे प्रमाण ठरले, आणि २०१५ साली एएमडी कंपनीच्या चित्रपत्रिकेवर ती बाजारात आली. येथे तारा १०२४; इतक्या असल्यामुळे प्रत्येकीला फार धावावे लागत नाही, आणि अंतर थोडे असल्यामुळे ढकलण्यास जोर लागत नाही. एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी २०१७ साली दिलेल्या हिशेबानुसार जुन्या जीडीडीआर ५ स्मृतीत एक बिट आणावयास सुमारे १४ पिकोज्यूल लागत. या चळतीच्या दुसऱ्या पिढीत सुमारे ४. कृत्रिम बुद्धीच्या मोठ्या यंत्रांत आज हीच स्मृती वापरतात. पण चळतीतील मधल्या चकत्यांची उष्णता बाहेर पडावयास वाट नसते. आणि उष्णता वाढली की गळती व उजळणी वाढते, हे आपण पाहिलेच. शिवाय ही चळत महाग.

यापुढचा विचार असा, की कागद आणावाच कशाला? पुष्कळदा संगणक एका जागेचा मजकूर दुसऱ्या जागी नुसता उतरवून ठेवतो. त्यात गणित काहीच नसते. तरीही तो सर्व मजकूर ६४-६४ बाइटांनी मुख्य चिपपर्यंत येतो आणि तसाच परत जातो. विवेक शेषाद्री व सहकाऱ्यांनी २०१३ साली सुचविले, की पहिली ओळ उघडून ती वर्धकांवर आली, की ती बंद न करता त्याच विभागातील दुसरी ओळ उघडावी. वर्धक आधीच एका बाजूला झुकलेले असल्यामुळे दुसऱ्या ओळीच्या टाक्या मुकाट्याने पहिलीचाच मजकूर घेतात. चार किलोबाइटांची नक्कल अशी केल्यास त्यांच्या हिशेबाने वेळ साडेअकरा पटींनी आणि ऊर्जा चौऱ्याहत्तर पटींनी कमी होते. ही गोष्ट त्या वेळी कागदावरची होती. २०१९ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दुकानात मिळणाऱ्या, कसलाही फेरफार न केलेल्या चिप्स घेतल्या, आणि कारखान्याने ठरवून दिलेली वेळेची बंधने मुद्दाम मोडून, दोन ओळी एकामागून एक घाईघाईने उघडून पाहिल्या. त्यांतील काही चिप्सनी ओळीची नक्कल आपल्या पोटातच करून दाखविली.